“हाड कमी आहे, आधी ग्राफ्ट करावं लागेल” – म्हणजे नेमकं काय?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. बोलताना येणारे “म्हणजे” आणि “तर” थोडे कमी केलेत, सगळे नाही.

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरून किंवा गंगापूर रोडवरून एक चक्कर मारा, “इम्प्लांट” लिहिलेली पाटी दिसतेच. त्यामुळे इम्प्लांट हा शब्द आता घरोघरी माहीत झालाय. पण पेशंट खुर्चीत बसतो, एक्स-रे निघतो आणि डॉक्टर दुसराच शब्द काढतात : “हाड कमी आहे, आधी बोन ग्राफ्ट करावं लागेल. मग चार-सहा महिने थांबू.” इथे निम्मे लोक घाबरतात, कारण हाडाचं ऑपरेशन म्हटलं की डोळ्यासमोर प्लास्टर येतं. उरलेले निम्मे वैतागतात, कारण त्यांना वाटतं बिल वाढवायचा हा नवा मार्ग आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. आईच्या खालच्या दाढेच्या निमित्ताने मला हे सगळं समजून घ्यावं लागलं. तुमच्या तोंडात काय करायचं हे तुमचे डॉक्टरच सांगणार. डॉक्टरांना काय विचारायचं, ते कळावं म्हणून हा भाग.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. ग्राफ्ट म्हणजे खड्डा बुजवणं नव्हे. ग्राफ्ट तुम्हाला हाड देत नाही, तुमच्याच शरीराला हाड बांधायला जागा आणि आधार देतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं, म्हणजे इतके महिने का थांबायचं, तंबाखू का सोडायची, कुठला माल वापरायचा, आपोआप उलगडतं.

दात गेला की हाड का जातं?

आपल्याला वाटतं, जबडा म्हणजे भिंत आणि दात म्हणजे त्यात ठोकलेला खिळा. खिळा काढला तरी भिंत तिथेच. तोंडात तसं नसतं. दाताभोवतीचं हाड हे दातासाठीच असतं. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. आपण चावतो तेव्हा ते तंतू हाडाला ओढ देतात आणि त्या ओढीमुळे हाडाला कळतं की आपली इथे गरज आहे. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली हेच मांडलं : हाडावर जसा भार येतो तसं ते घडत जातं. भार गेला की शरीर ते हाड मोडून टाकतं. रिकाम्या घराचं भाडं कोण भरत बसेल?

दात काढल्यावर पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्याने घटते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. गालाकडची, ओठाकडची भिंत जास्त झिजते, कारण ती मुळातच पातळ असते आणि तिचा बराच भाग दाताच्या जिवावर टिकलेला असतो. आजीची कवळी पाच-सात वर्षांनी सैल व्हायला लागते ना? कवळी तीच असते. खालचा जबडा बारीक झालेला असतो. गाल बसतात, तोंडाचं बोळकं होतं, त्यामागेही हेच.

इम्प्लांटला किती हाड लागतं?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रानेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं बारीक उपकरण बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण हाडातून निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. त्यातून पुढे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. त्या माणसाने ते चाळीस वर्षांहून जास्त काळ वापरले.

आता हिशेब करू. नेहमीचा इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर जाड आणि ८ ते १२ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या सगळ्या बाजूंनी किमान एक ते दोन मिलिमीटर हाड शिल्लक राहायला हवं. म्हणजे हाडाची रुंदी सहा-सात मिलिमीटर पाहिजे. आईची दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली. तिथे रुंदी भरली साडेतीन. चारचा स्क्रू साडेतीनच्या भिंतीत कसा बसणार? एवढं गणित कळल्यावर “बिल वाढवतायत का” हा आमचा संशय गेला.

उंचीचाही प्रश्न असतो. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर अवलंबून. तिच्यापासून साधारण दोन मिलिमीटर अंतर राखावं लागतं. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची पोकळी असते.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळा जबडा एका फिल्मवर दाखवणारा ओपीजी एक्स-रे हाडाची उंची दाखवतो, रुंदी दाखवत नाही. रुंदी कळायला सीबीसीटी स्कॅन लागतो, त्यात तिन्ही बाजू दिसतात. नुसत्या ओपीजीवर कोणी ग्राफ्टचा निर्णय सांगत असेल, तर “रुंदी किती मिलिमीटर आहे?” असं विचारा. आकडा मिळायला हवा.

कलम, मांडव आणि सेंटरिंग

ग्राफ्टला मराठीत कलम म्हणतात. नाशिकवाल्याला कलम म्हटलं की द्राक्षबाग आठवते. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी बांधतात. काडी जिवंत असते, ती फुटते, वाढते आणि पुढची कित्येक वर्षं तीच द्राक्षं देते. दाताच्या ग्राफ्टला हे चित्र लावलं की घोटाळा होतो, कारण बहुतेक ग्राफ्टमध्ये जे घालतात ते जिवंत नसतं. मिठाच्या जाडसर खड्यांसारखे कण असतात ते.

ते कण काडी नसून मांडव असतात. वेल स्वतः उभी राहू शकत नाही, तिला तारा आणि अँगल लागतात. तसंच होतं. कण घातले की त्यांच्यामध्ये रक्ताची गुठळी भरते. त्यात आजूबाजूच्या हाडातून बारीक रक्तवाहिन्या शिरतात. त्यांच्यामागून हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि कणांच्या अंगावर नवं हाड चढवत जातात. आधी कच्चं, विस्कळीत हाड तयार होतं, मग शरीर ते मोडून पुन्हा पक्कं बांधतं.

पुढे त्या मांडवाचं काय होतं ते मालावर अवलंबून. काही माल वर्षानुवर्षं आत राहतो आणि नवं हाड त्याच्याभोवती गुंफलेलं राहतं. हा मांडवच. काही माल मात्र स्लॅबच्या सेंटरिंगसारखा असतो : काँक्रीट पक्कं होईपर्यंत आधार द्यायचा आणि मग निघून जायचं. इथे सेंटरिंग काढायला मिस्त्री येत नाही, हाड खाणाऱ्या पेशीच ते हळूहळू विरघळवतात. फार लवकर विरघळलं तर जागा ढासळते, फार उशिरा विरघळलं तर तिथे स्वतःचं हाड कमी आणि माल जास्त राहतो. म्हणून डॉक्टर कधी दोन प्रकार मिसळून वापरतात.

माल कुठून येतो? हे विचारायलाच हवं

चार प्रकार आहेत.

पहिला, तुमचंच हाड. अक्कलदाढेच्या मागून किंवा हनुवटीतून काढतात. यात जिवंत पेशीही असतात, त्यामुळे गुणाने हे सगळ्यात वरचं मानतात. पण दुसरी जखम होते आणि मिळतंही मोजकंच.

दुसरा, दुसऱ्या माणसाचं हाड, टिश्यू बँकेतून आलेलं. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. अशा हाडाची तपासणी होते, चरबी आणि पेशी धुऊन काढतात, गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. गॅमा किरण ऐकून दचकू नका. आपल्याच जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या “कृषक” केंद्रात कांदा आणि निर्यातीचा आंबा याच किरणांखालून जातो. हाडासाठी मात्रा कितीतरी पट जास्त असते, पण किरण मारल्याने ना आंबा किरणोत्सर्गी होतो, ना हाड. कायद्याच्या बाजूने बघायचं तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही, म्हणजे टिश्यूंचाही, समावेश झाला.

तिसरा, जनावराचं हाड. जगभर सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या ग्राफ्टच्या मालांपैकी एक गायीच्या हाडापासून बनतो. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, उरतो तो फक्त खनिजाचा सांगाडा. विज्ञानाच्या दृष्टीने तो चांगला माल आहे. पण माझ्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्यासारखी वारकरी घरं, जैन घरं नाशिकमध्ये किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. वर जो पडदा घालतात तो बऱ्याचदा डुकराच्या किंवा गायीच्या कोलॅजनचा असतो, म्हणजे हा प्रश्न मुस्लिम घरातही तितकाच येतो.

इथे मला ठामपणे वाटतं ते सांगतो. कुठला माल वापरावा हा वैद्यकीय निर्णय आहे, पण तो कशापासून बनलाय हे आधी कळणं हा पेशंटचा हक्क आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा, “हे कशापासून बनलंय? आणि पडदा?” पाकिटावर लिहिलेलं असतं. नको असेल तर “नको” म्हणा. त्यात अंधश्रद्धा वगैरे काही नाही, शरीर तुमचं आहे. पर्याय आहेत.

तो पर्याय म्हणजे चौथा प्रकार, कृत्रिम. हाडातलंच खनिज कारखान्यात बनवलेलं : हायड्रॉक्सीअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, किंवा बायोग्लास नावाची खास काच. यात कुठलाही प्राणी नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट बऱ्यापैकी लवकर विरघळतं, हायड्रॉक्सीअपेटाइट खूप सावकाश. आईसाठी या दोघांचं मिश्रण आणि सोबत तिच्याच जबड्यातून खरवडलेलं थोडं हाड, असं ठरलं.

अजून एक शब्द कानावर येईल : पीआरएफ. तुमचंच रक्त घेऊन ते यंत्रात फिरवतात आणि त्यातून पिवळसर जेलीसारखा भाग वेगळा काढतात. जखम भरायला त्याची मदत होते. पण पीआरएफ म्हणजे हाड नव्हे. मोठी उणीव एकट्या पीआरएफने भरून निघेल असं कोणी सांगितलं तर पुन्हा विचारा.

पडदा कशाला?

हिरडी फार वेगाने वाढते, हाड सावकाश वाढतं. दोघांना मोकळं सोडलं तर हिरडी आधी जागा बळकावते, गाजरगवतासारखी. म्हणून कणांवर पातळ पडदा घालून हिरडीला बाहेर थोपवतात. कोलॅजनचा पडदा काही आठवडे ते काही महिन्यांत विरघळतो. दुसरा प्रकार न विरघळणारा, तो नंतर काढावा लागतो. हाड फारच बारीक असेल तर कणांऐवजी हाडाचा अख्खा तुकडा बारीक स्क्रूंनी बसवतात.

वरच्या दाढांच्या जागी “सायनस लिफ्ट” करतात. नाव मोठं आहे, कल्पना सोपी. सायनसच्या तळाला अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं नाजूक आवरण असतं. ते अलगद वर उचलायचं आणि खाली तयार झालेल्या जागेत ग्राफ्ट भरायचा. मूळ हाड चार-पाच मिलिमीटर असेल तर बऱ्याचदा त्याच वेळी इम्प्लांटही बसवता येतो. त्याहून कमी असेल तर आधी ग्राफ्ट, मग इम्प्लांट. या ऑपरेशननंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची आणि स्ट्रॉने काही ओढायचं नाही. आतला दाब वाढला की ते आवरण फाटू शकतं.

थांबणं हाच उपचार

दात काढतानाच खड्ड्यात ग्राफ्ट भरला तर साधारण तीन-चार महिने. रुंदी वाढवायची तर चार ते सहा. मोठी सायनस लिफ्ट असेल तर सहा ते नऊ. त्यानंतर इम्प्लांट, आणि तो हाडात पक्का व्हायला पुन्हा दोन-तीन महिने किंवा जास्त. म्हणजे एका दाढेसाठी वर्ष जाऊ शकतं.

माझ्या धंद्यात माणसं वाढवली की काम लवकर होतं असा निदान समज तरी आहे. इथे तेही चालत नाही. रक्तवाहिनी तिच्या गतीनेच शिरते. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, मग उतरते. मऊ भात, खिचडी, गार झालेली पेज चालते. चिवडा, भडंग काही दिवस विसरा. एखाद-दुसरा कण तोंडात आला तर घाबरायचं कारण नाही. पण तीन दिवसांनंतरही दुखणं वाढत गेलं, पू किंवा घाण वास आला, ताप आला, किंवा भूल उतरूनही ओठ बधिरच राहिला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

ग्राफ्ट फसतो कशाने?

सगळा खेळ रक्तपुरवठ्याचा आहे, त्यामुळे त्याच्या आड जे येईल ते शत्रू. पहिली तंबाखू. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे साधारण एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो, आणि त्यात बिडी-सिगारेटपेक्षा खाण्याची, लावण्याची तंबाखू कितीतरी जास्त. इथे एक खास आपल्याकडची गोम आहे. “तंबाखू खाता का?” असं विचारलं की आपल्या मावश्या, आज्या मनापासून “नाही हो” म्हणतात. मिश्री लावतात, पण ती त्यांच्या लेखी दात घासायची पूड. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. घरातल्या कोणाला घेऊन जाणार असाल तर हे तुम्हीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी साखर. मधुमेह असला म्हणून ग्राफ्ट होत नाही असं नाही, पण तो आटोक्यात हवा. डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बघतील. तिसरी औषधं. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन कधीही घेतलं असेल तर सांगितलंच पाहिजे. ही औषधं हाडाची मोडतोड थांबवतात, आणि क्वचित जबड्याचं हाड मरतं. “ते गुडघ्याचं औषध आहे, दाताशी काय संबंध” म्हणून लपून राहतं.

रक्तपुरवठा किती महत्त्वाचा, हे आपण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पाहिलंय. म्युकरमायकोसिस, काळी बुरशी. ही बुरशी रक्तवाहिन्यांतच शिरते, त्या बंद पाडते, आणि वरच्या जबड्याचं हाड मरतं. महाराष्ट्रात कितीतरी लोकांचा वरचा जबडा अर्धा किंवा पूर्ण काढावा लागला. अशा ठिकाणी ग्राफ्टचे कण भरून भागत नाही, कारण मांडव उभा करायला जमीनच उरलेली नसते. तिथे गालाच्या हाडात रोवलेले लांब इम्प्लांट वापरतात, किंवा पायातलं एक बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात जोडतात. ते मात्र खऱ्या अर्थाने जिवंत कलम.

ग्राफ्ट न करता?

हाही प्रश्न विचारा. शेजारचे दात आधाराला घेऊन ब्रिज होतो. काढता-घालता येणारे दात आहेत. उंची कमी असेल तर सहा-आठ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट, किंवा तिरके बसवलेले इम्प्लांट काही जणांना चालतात. शेवटची दाढ असेल तर कधी जागा रिकामी ठेवणं हाही शहाणपणाचा निर्णय असतो. ऐंशीच्या आजोबांसाठी वर्षभराचा खटाटोप करायचा का, हे त्यांना विचारून ठरवा.

खर्चाचं म्हणाल तर अंदाजपत्रक एकगठ्ठा घेऊ नका. स्कॅन, ग्राफ्टचा माल, पडदा, इम्प्लांट, वरची कॅप, सगळं वेगळं लिहून मागा. आरोग्य विम्यात हे बहुधा बसत नाही, अपघाताचा भाग वेगळा. पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे. अशा कॉलेजांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी उपचार करतात. तिथे साधारणपणे पैसे कमी लागतात, चकरा जास्त.

आणि शेवटचं, ज्यांचा दात अजून तोंडात आहे त्यांच्यासाठी. बहुतेक हाड दात काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जातं. त्यामुळे ते वाचवायची सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे दात काढायचा दिवस. या आठवड्यात घरात कोणाची दाढ काढायची ठरली असेल, तर खुर्चीत बसण्याआधी एवढंच विचारा : “पुढे इथे इम्प्लांट करायचा झाला, तर हाड टिकवायला आज काही करावं लागेल का?” कधी उत्तर “हो” येईल, कधी “गरज नाही”. पण भूल द्यायच्या आधी विचारा, नंतर तुम्हाला बोलताच येणार नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रात्री झोपताना दात घासा.